वाचकांचे प्रश्न : वरून येणारं पाणी आणि पडलेली भिंत

प्रश्न : आमचं घर संगमेश्वरजवळ उतारावर आहे, पाच गुंठे जागा. वरच्या अंगाला शेजाऱ्यांची दहा गुंठ्यांत आंब्याची कलमं. घर बांधताना आम्ही जागा कापून सपाट केली, त्यामुळे त्यांची जमीन आमच्यापेक्षा चार-पाच फूट उंच झाली. हद्दीवरचा जुना गडगा काढून तिथं सिमेंटमध्ये चिऱ्याची भिंत घातली, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलं. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि गेल्या जुलैत पंधरा फूट भिंत आडवी झाली, सगळा चिखल अबोलीच्या वाफ्यात. गवंडी म्हणतोय आता काँक्रीटचीच घाला. घालू का?

उत्तर : घाला हवं तर, पण पाण्याचं काही न करता घातलीत तर तीही पोट काढणार, फक्त दोन-चार पावसाळे उशिरा. तुमचा जुना गडगा इतकी वर्षं उभा का होता सांगू? त्यात सिमेंटच नव्हतं. दगडांच्या फटीतून पाणी झिरपून जायचं. तुम्ही प्लास्टर करून त्या फटी बुजवल्यात आणि भिंतीचं धरण करून टाकलंत. भिंतीच्या पाठीला पाच फूट पाणी तुंबलं तर दर मीटर लांबीला अकराशे किलोच्या वर रेटा बसतो आणि हा नुसत्या पाण्याचा, भिजलेल्या मातीचा वेगळा. पावसाळ्याच्या मध्यावर शोषखड्ड्याचाही उपयोग नाही बरं का, खाली कातळ लागला की तो विहिरीसारखा भरून बसतो.

आता पाणी किती येतं ते बघा. तासाला 50 मिमी पाऊस, कोकणात हे काही नवल नाही, तो दहा गुंठ्यांवर पडला आणि माती आधीच तृप्त असली तर तासाभरात 50 हजार लिटर पाणी खाली येतं, म्हणजे मोठे पाच टँकर. एवढं पाणी चार इंची पाइपात मावत नाही, म्हणून नुसता पाइप पुरून गप्प बसू नका. वरच्या बाजूला, भिंतीपासून तीन-चार फूट लांब, हद्दीला समांतर उघडा चर काढा, फूटभर रुंद नि फूटभर खोल. दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतार पुरे. लेव्हल नजरेनं काढू नका, गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून काढतात तशीच काढा, कारण उतारावर नजर हमखास फसते. चराचं तोंड जवळच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला न्या, रस्त्यावर किंवा खालच्या घराच्या अंगणात नको, आणि मिरगाच्या आधी त्यातला पातेरा काढायचा हे दरवर्षीचं काम.

हा चर शेजाऱ्यांच्या जमिनीत येणार, म्हणजे आधी त्यांच्याकडे चहाला जा. नाहीच म्हणाले तर भिंत आपल्या जागेत चार-पाच फूट आत घ्या, थोडी जागा जाईल पण वाफा वाचेल. भांडायला मात्र जाऊ नका. 1882 च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी आपसूक वाहत खाली आलं तर ते खालच्यानं येऊ द्यायचं असतं. त्यांनी पाणी गोळा करून पाइपानं तुमच्यावर सोडलं तर गोष्ट वेगळी.

नवीन भिंतीच्या पाठीला फूटभर जाडीची खडी भरा, माती आणि खडीच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड घाला नाहीतर दोन वर्षांत खडीत गाळ बसेल. तळाशी भोकांचा पाइप टाका, त्याचं तोंड बाहेर उघडं ठेवा. भिंतीत दर दीड मीटरवर तीन-चार इंची पाइपाचे तुकडे बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकवून ठेवा, पाणी बाहेर पडायची भोकं, हीच ती वीप होल, जी गवंडी "वाईट दिसतात हो" म्हणून नंतर बुजवतात, तेवढं लक्ष ठेवा. जाडी आणि पाया इंजिनिअरला विचारूनच. चराच्या काठानं वितीवितीवर वाळा लावा, मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती धरून ठेवतो, शिवाय माठात टाकायला घरचा वाळा.

प्रश्न : पुण्यात उतारावर रो-हाऊस आहे. वरच्या शेजाऱ्यांच्या बाजूची बागेची भिंत नोव्हेंबर संपत आला तरी खालून ओलीच आहे, पांढरा लोणाही आलाय. चर खणू का?

उत्तर : थांबा, पाऊस थांबून इतके दिवस झाल्यावरही ओल तशीच असेल तर मला आधी गळतीचा संशय येतो. शेजाऱ्यांना सांगा, रात्री जमिनीखालच्या टाकीत येणारं पाणी बंद करायचं, पंप लावायचा नाही, पातळीवर खूण करायची. सकाळी पाणी खुणेच्या खाली दिसलं तर टाकी गळतेय. टाकी ठीक असेल तर त्यांच्या बागेचा नळ आणि ड्रिपची लाइन आठवडाभर बंद ठेवून भिंत बघा. खणायचं ते त्यानंतर.