वाचकांचे प्रश्न : टपालपेटीचा रंग का सुटतो?

प्रश्न : फाटकाजवळची लोखंडी पत्र्याची टपालपेटी गेल्या वर्षी जुन्या रंगावरच पॉलिश पेपर मारून इनॅमलने रंगवली. वर्षाच्या आत तळाशी फोड आले, दाराच्या कडेचे पोपडे सुटले. पुन्हा रंगवताना काय वेगळं करावं?

उत्तर : फोड तळाशी आलेत म्हणजे बहुधा पाणी आतून येतंय. झडपेतून शिरलेला पाऊस तळाच्या दुमडीत साचतो, तिथल्या उघड्या पत्र्याला गंज धरतो आणि तो कडेवरून बाहेरच्या रंगाखाली सरकतो. तेव्हा पेटी आतूनही रंगवायची, निदान तळ आणि खालचे चार बोटं तरी. पाणी जायला वाट नसेल तर तळाच्या मागच्या कोपऱ्यांत ५ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. हे रंगाच्या आधी करा. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पेटी उतरवून कुलूप, मूठ आणि नंबराची पट्टी काढा. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळली की मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. घासकाम त्यानंतर. तेलकट पत्रा घासला तर तेल सगळीकडे पसरतं आणि पॉलिश पेपरही भरून जातो. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने, उरलेला गंज ८० नंबरच्या पेपरने काढा, मग १२० आणि शेवटी २२०. घट्ट धरलेला जुना रंग खरवडून काढायची गरज नाही, मात्र तो जिथे संपतो ती कड नखाला लागता कामा नये. उरलेला रंग घट्ट आहे की नाही हे पाहायला ब्लेडने त्यावर फुली मारा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग निघाला तर तो सगळा काढा.

पेटी बरीच जुनी असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. अशा वेळी पेपर ओला करून घासा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क बांधा, गाळ कागदावर गोळा करा. ब्लो-लॅम्पने रंग जाळू नका.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रीच्या दवानेही त्यावर तांबूस झाक येते. झिंक फॉस्फेटचा किंवा रेड ऑक्साइडचा मेटल प्रायमर घ्या. कडा, सांधे, रिव्हेट यांवर आधी छोट्या ब्रशने एक हात फिरवा, मग पूर्ण पेटीला, कारण धारदार कडेवर रंग पातळच बसतो. तुमच्या दाराची कड आधी सुटली, त्यामागे हे कारण असू शकतं. प्रायमर मारून पेटी महिनाभर बाहेर ठेवू नका. तो सच्छिद्र असतो, पाणी अडवायचं काम वरच्या इनॅमलचं. खोल खड्ड्यांना धातूसाठीची लांबी (पुट्टी) भरा. भिंतीची लांबी पाणी पिते.

इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ आणि ३२० नंबरच्या पेपरचा हलका स्पर्श. रंग घट्ट वाटला तर मिनरल टर्पेंटाइन ५ ते १० टक्के, त्यापुढे ओघळ येतात. एकाच जाड हातात काम उरकायला गेलात तर वरची साय आधी वाळते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. संध्याकाळी उशिरा रंगवू नका, दव पडलं की चकाकी मरते.

किती रंग लागेल? पेटी ४० × ३० × १५ सेंटिमीटर असेल तर बाहेरचा पृष्ठभाग ०.४५ चौरस मीटर भरतो. लिटरला साधारण १० चौरस मीटर धरले तर दोन हातांना ९० मिलिलिटर, आतूनही रंगवली तर त्याच्या दुप्पट. २०० मिलिलिटरचा डबा पुरतो.

प्रश्न : आमची पेटी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची आहे. गंज अजिबात नाही, तरी इनॅमल सालीसारखं निघतं.

उत्तर : जस्ताच्या मुलाम्यावर तेलाधारित इनॅमल थेट मारलं की त्यातलं रेझिन जस्ताशी हळूहळू अभिक्रिया करतं. मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि त्यावरून रंग सरकतो. कितीही घासा, याला उपाय मधल्या थराचाच: जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित कुरतडून घट्ट धरणारा, किंवा डब्यावर ‘गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेला पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमर. आधी धुऊन २२० नंबरच्या पेपरने फक्त चकाकी मोडा. ८० नंबरचा पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर मुलामाच खरवडून जाईल.

प्रश्न : स्प्रे कॅन चालेल का?

उत्तर : चालेल, फक्त जुन्या तेलाधारित इनॅमलवर लॅकर स्प्रे मारू नका; त्याचा तेज थिनर खालचा थर उचलतो. २० ते २५ सेंटिमीटरवरून, कडेच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच थांबा. लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि हाताला खरखर लागते. वारा असेल तर ब्रशच बरा.

प्रश्न : रंगवल्यावर झडप चिकटते, कुलूपही जड फिरतं.

उत्तर : इनॅमल हाताला एका दिवसात कोरडं लागतं, पण पुरतं कडक व्हायला आठवडा घेतं. तोवर झडप आणि चौकट यांमध्ये मेणकागदाची पट्टी ठेवा. बिजागरीच्या दांडीवर रंग नकोच, आधी मास्किंग टेप लावा आणि शेवटचा हात ओला असतानाच ती काढा. कुलपात रंग गेला असेल तर ते काढून साफ करा आणि ग्रॅफाइटची पूड घाला. तेल घातलं तर त्यावर धूळ बसते.