सॅलडचा डबा: वास आला नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं

करून ठेवायच्या सॅलडबद्दल इतके प्रश्न आलेत की शेवटी एकत्रच घेते. त्यातले निम्मे तर एकच आहेत, फक्त शब्द वेगळे. आणि मधुमेह, किडनी, गरोदरपण, रोजची औषधं असं काही असेल तर इथलं वाचून परस्पर काही सुरू करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: रविवारी बसून पाच दिवसांचे डबे भरून ठेवले तर चालतील का?

पाच नाही. शिजवलेली कडधान्यं, भात, पास्ता, चिकन हे तीन, फार तर चार दिवस, तेही फ्रीज खरंच ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर. उकडलेली अंडी न सोलता ठेवली तर आठवडाभर. रविवारी करा आणि बुधवारी परत थोडं करा, एवढं तर जमेल.

प्रश्न: ताई, दुसऱ्या दिवशी सगळ्याला पाणी सुटतं आणि पानं लिबलिबीत होतात, काय चुकतंय?

मीठ. मीठ लागलं की काकडी-टोमॅटोतलं पाणी बाहेर ओढलं जातं, मग तुम्ही काहीही करा. उभ्या बरणीत तळाला ड्रेसिंग, त्यावर गाजर, कोबी, सिमला मिरची असलं कडक काहीतरी, मग छोले किंवा राजमा, मग धान्य आणि सगळ्यात वर पानं. पानं धुतल्यावर पूर्ण कोरडी करा, खरं तर अर्धी गडबड तिथेच होते, ओली पानं कोंबून झाकण लावलं की ती सडणारच. टोमॅटो छोटे असतील तर अख्खेच टाका, काकडीचा बियांचा गर काढा. बरणी आडवी करून बॅगेत टाकू नका, नाहीतर हे सगळं वाया.

प्रश्न: काकडी आणि टोमॅटो एकत्र खाल्लं की पोटात विष तयार होतं असा मेसेज आलाय, खरं का?

नाही. पुढे पाठवू नका.

प्रश्न: मी सकाळी साडेसातला डबा घेऊन निघते, दीडला खाते, कामाच्या ठिकाणी फ्रीज नाही. भात-छोले-भाज्यांचं सॅलड असतं, लिंबूही पिळते. आजवर कधी वास आला नाही, काही झालंही नाही. चालेल ना?

नाही चालणार, आणि इथे मी जरा लांबड लावणार आहे कारण हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त घाबरवतो.

अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचसे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे भरपूर वाढले तरी डबा दिसायला, वासाला, चवीला अगदी ताजा असू शकतो. म्हणजे नाक हे काही तपासायचं यंत्र नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे हे जंतू भराभर वाढतात, म्हणून नियम असा की नासणारं अन्न फ्रीजबाहेर एकूण २ तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. एकूण म्हणतेय मी. भरताना ओट्यावर गेलेला वेळ, प्रवास, टेबलावर पडून राहिलेला वेळ, सगळं धरून. तुमचे सहा तास होतात.

त्यात भात. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट पडून राहिला की जागे होऊन विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून भात शिजला की पसरट ताटात पातळ पसरून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा, रात्रभर पातेल्यात झाकून नाही. लिंबाचं म्हणाल तर दोन थेंबांनी छोले सुरक्षित होत नाहीत, हे कुणी पसरवलंय देव जाणे.

उपाय अवघड नाही. डबा आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये हवा, म्हणजे निघताना आतपर्यंत गार असतो. थर्मल बॅग घ्या, खाली एक आणि वर एक आइस पॅक, पॅक नसेल तर गोठवलेली पाण्याची बाटली. खाताना डबा हाताला चांगला गार लागला पाहिजे, पॅक पूर्ण वितळून डबा कोमट झाला असेल तर फेकून द्या, जीव तुटला तरी. आणि हे जमणारच नसेल तर अख्खी फळं, अख्खी काकडी-गाजरं, भाजलेले दाणे, सुकामेवा न्या आणि तिथेच चिरा. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी हाच डबा खात असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सूट घेऊ नका.

प्रश्न: पाचवा महिना सुरू आहे, सॅलडमध्ये कच्चे मोड खाऊ का? घरचेच आहेत, स्वच्छ.

कच्चे नको. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, आणि जंतू बियांतच असले तर धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ आली, हजारो आजारी पडले, ५० च्या आसपास माणसं गेली. चांगले वाफ येईपर्यंत शिजवून खा. बाकी या दिवसांत काय टाळायचं त्याची यादी तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न: भाज्या धुवायचं खास लिक्विड घ्यावं का?

नको. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. साबण तर मुळीच नको.

प्रश्न: वजन कमी करायचंय म्हणून फॅट फ्री ड्रेसिंग आणलंय. बरोबर ना?

बाटलीची मागची बाजू वाचलीत का? घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, साखर पहिल्या दोन-तीनांत असेल तर तुम्ही साखरेचं पाणी विकत आणलंय आणि पुढच्या बाजूला हिरवं पान छापलंय म्हणून खूश आहात. शिवाय गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, तेवढं मोजून घाला, लिंबू पिळा, झालं. ‘डिटॉक्स’ लिहिलेल्या बरण्यांबद्दल विचारू नका, ते काम लिव्हर आणि किडनी फुकटात करतात. किती वजन, किती वेळात, हे मात्र आहारतज्ज्ञाला समोर बसून विचारा.

प्रश्न: राजमा रात्रभर भिजवून मऊ झाला की तसाच टाकला तर?

अजिबात नाही. कच्च्या राजम्यात विषारी लेक्टिन असतं, भिजवलेलं पाणी ओतून नवीन पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा.

प्रश्न: रक्त पातळ व्हायला वॉरफरिन घेतो. पालकाचं सॅलड रोज सुरू करू?

एकदम सुरू करू नका, एकदम बंदही नको. पानांतलं व्हिटॅमिन के या औषधाच्या उलट काम करतं, त्यामुळे प्रमाण रोज सारखं लागतं. किती, ते तुमचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघणारे डॉक्टर सांगतील, मी नाही.

प्रश्न: मॅडम, विकतचं सॅलड खाल्ल्यापासून चार दिवस जुलाब आणि ताप आहे, कालपासून थोडं रक्तही दिसतंय. पोटाला हलकं काय खाऊ?

चार दिवस! रक्त दिसलं त्या क्षणी दवाखाना गाठायला हवा होता. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका, अशा वेळी ती उलट त्रास वाढवू शकते. ओआरएसचे घोट घेत आजच डॉक्टरकडे जा, काय खाल्लं आणि कधी तेही सांगा. हलकं काय खायचं ते नंतर बघू.