वाचक विचारतात : बिनसाखरेचा चिनी चहा

प्रश्न (अमळनेर) : मुलाने चीनहून ‘लोंगजिंग’ नावाचा हिरवा चहा आणला. नेहमीसारखा पातेल्यात उकळला, तर कडू जहर झाला. हा साखरेशिवाय पितात तरी कसा?

उत्तर : खोट चहात नाही, उकळण्यात आहे. आपला दाणेदार चहा यंत्रात कुस्करून केलेला असतो. दूध-साखरेपुढे टिकेल असा कडकपणा त्यातून काढायचा, म्हणून तो उकळतो. लोंगजिंग ही हांगझौ भागातली कोवळी, अख्खी पानं. तोडल्यावर ती तापलेल्या कढईत हाताने दाबून भाजतात, म्हणून ती चपटी असतात. पानातली गोडसर चव बेताच्या गरम पाण्यातही उतरते. कडू-तुरट अंश मात्र पाणी जितकं कढत, तितका भराभर सुटतो. उकळी आली की तोच वरचढ होतो.

माप असं धरा : 3 ग्रॅम पानं, 150 मिली पाणी, तापमान 80 अंशांच्या आसपास, वेळ 2 मिनिटं. थर्मामीटर नसला तरी चालतं. उकळलेलं पाणी आधी काचेच्या भांड्यात ओता, तिथून चिनी मातीच्या कपात आणि मग पानांवर. थंड भांड्यात प्रत्येक वेळी ओतताना साधारण 8 ते 10 अंश उतरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा भांडीच तापलेली असतात. मग आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. वेळ झाली की सगळं पाणी गाळून घ्या. पानं पाण्यात तशीच पडून राहिली, तर मोजूनमापून केलेलंही वाया जातं. त्याच पानांवर आणखी दोनदा पाणी घालता येतं. दर वेळी पाणी थोडं जास्त गरम आणि वेळ अर्धा मिनिट जास्त.

नीट झालेल्या चहाची खूण घोट गिळल्यानंतर कळते. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जशी गोडी येते, तशीच पण हलकी गोडी घशाशी परतून येते. चिनी लोक तिला ‘हुई गान’ म्हणतात. साखर घातली की नेमकी तीच हरवते.

प्रश्न (भुसावळ) : माप, वेळ सगळं पाळलं, तरी चहा मळकट दिसतो आणि वर तवंग येतो. पाणी बोअरचं आहे.

उत्तर : मग दुसरं काही शोधू नका, पाणीच कारण आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. तुमच्या किटलीच्या तळाशी जो पांढरा, खरखरीत थर बसतो, तोच हा. हेच क्षार चहातल्या तुरट द्रव्यांना हवेशी गाठ पडताच धरतात आणि वर चकचकीत पापुद्रा येतो. चमच्याने हलवला की त्याचे तुकडे होतात आणि कपाच्या कडेला तपकिरी रेघ उरते. वास दबतो, हिरव्या चहाचा रंगही पिवळट-तपकिरी होतो.

आरओचं पाणी वापरा, पण त्यात क्षार अगदीच कमी असतील तर चहा पोकळ, पाणचट लागतो. अशा वेळी तीन भाग आरओ आणि एक भाग बोअरचं, असं मिसळून बघा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर 50 ते 150 च्या दरम्यान आकडा चांगला. आरओ नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर निवळू द्या आणि तळ न ढवळता वरचं घ्या. सगळे क्षार यातून जात नाहीत, पण फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न (शहादा) : ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधल्या प्रकारच्या) चहासाठी ‘गायवान’ लागतंच का? घेतलं, तर बोटं भाजतात.

उत्तर : लागतंच असं नाही. झाकण बसेल असा चिनी मातीचा लहान कप आणि गाळणी पुरते. पण गायवान, म्हणजे बशी, वाटी आणि झाकण, फार सोयीचं आहे. बोटं भाजण्याचं कारण बहुतेकदा एकच : पाणी काठोकाठ भरलेलं असतं. वाटीची कड जिथून बाहेर वळते, त्याच्या खालीच थांबा. अंगठा आणि मधलं बोट कडेच्या दोन टोकांना, तर्जनी झाकणाच्या गोंड्यावर. झाकण किंचित तिरकं करून फट ठेवा आणि न घाबरता एकदम ओता. हळूहळू ओतलं की वाफ बोटांवर येते.

फूच्यान प्रांतातल्या आन्शीचा ‘तिएग्वानयिन’ हा गोळीसारखा वळलेला ऊलाँग घ्या. 100 मिलीच्या गायवानला 5 ते 6 ग्रॅम पुरतो. त्या गोळ्या तळाशी जेमतेम पसरतात, म्हणून कमी वाटून जास्त घातल्या जातात आणि तिसऱ्या पाण्याला पानं उलगडून झाकण वर उचलतात! चमच्याच्या मापावर विसंबू नका. चपटी पानं आणि गोळ्या यांचं चमचाभर वजन सारखं नसतं. छोटा डिजिटल काटा घ्याच. इथे पाणी 95 अंशांचं हवं, कारण घट्ट गोळी कोमट पाण्यात उघडतच नाही. पहिलं पाणी पाच सेकंदांत ओतून द्या. पुढे 20 सेकंद, 20, 30, 40 असं वाढवत सहा-सात वेळा चहा निघतो. थंडीत गायवान आधी उकळत्या पाण्याने विसळून तापवा.

प्रश्न (धुळे) : उन्हाळ्यात चहा फ्रिजमध्ये ठेवावा का?

उत्तर : हिरवा चहा ठेवा, पण पाकिटातली हवा काढून, घट्ट बंद करून. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार पानांवर बाष्प धरतं. पाकीट घरातल्या तापमानाला येऊ द्या. युन्नान प्रांतातला, मुरवून ठेवायचा पू-अर चहा मात्र फ्रिजमध्ये नको. तो कोरड्या, सावलीच्या कपाटात. आणि कोणताही चहा काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. चहा वास ओढतो, आणि तो वास नंतर जात नाही.

प्रश्न (चोपडा) : जेवणावर लगेच प्यायला तर?

उत्तर : चहातली तुरट द्रव्यं पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. रक्त कमी असेल तर हे नक्की पाळा.