सँडविच मेकर आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, नवीन सँडविच मेकर घेतला पण सँडविच कधीच कुरकुरीत होत नाही, वरून पांढरट आणि आतून गिचका, हिरवा लाइट लागला की काढते तरी असंच. मशीनमध्येच दोष असेल का?

उत्तर: मशीनला नावं ठेवायच्या आधी सांग, ब्रेड आत कधी ठेवतेस? प्लग लावला की लगेच ठेवत असशील तर घोळ तिथेच आहे, कारण थंड प्लेटवर ठेवलेला ब्रेड भाजायच्या आधी नुसता वाफवला जातो. रिकामं मशीन झाकण बंद करून 4-5 मिनिटं तापू दे आणि मगच ठेव. आणि तो हिरवा लाइट म्हणजे सँडविच झालं असं नाही गं, बऱ्याच मशीनमध्ये तो फक्त प्लेट तापली एवढंच सांगतो, आतला थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करत राहतो म्हणून लाइट पण जातो-येतो. झालं की नाही ते ब्रेडच्या रंगावरून ठरवायचं, साधारण 3 ते 5 मिनिटं धर, आणि दर अर्ध्या मिनिटाला उघडून डोकावू नकोस, अर्धवट भाजलेला ब्रेड वरच्या प्लेटला चिकटून फाटतो.

आता खरा शत्रू, पाणी. ब्रेडच्या वरच्या थरात ओल असेपर्यंत तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि तो तांबूस रंग नि खमंगपणा यायला साधारण 140 अंश तरी लागतात, म्हणजे पाणी उडून जाईपर्यंत मशीनची सगळी मेहनत वाफ करण्यातच जाते. म्हणून टोमॅटोच्या बिया काढून टाक, काकडी पुसून घे, मीठ अगदी भरायच्या वेळी घाल (आधी घातलं की भाजीला पाणी सुटतं). उकडलेला बटाटा गरम असताना भरायचा नाही, पूर्ण गार होऊ दे. चीज दोन्ही बाजूंनी ब्रेडला लागून आणि भाजी मध्ये, म्हणजे ओल ब्रेडपर्यंत लवकर पोचत नाही. आदल्या दिवशीचा ब्रेड उलट बरा. आणि झालेलं सँडविच सपाट ताटलीत ठेवलं की खालून पुन्हा मऊ पडतं, जाळीवर ठेव मिनिटभर.

प्रश्न: बटर आतून लावायचं की बाहेरून? आमच्या घरी यावरून रोज वाद!

उत्तर: बाहेरून, वाद मिटला. प्लेटला टेकते ती बाजू, रंग तिथेच यायचाय. मऊ बटर कडांपर्यंत पातळ पसरवा, कडेला सुटलेला भाग कोरडा राहतो. आतून पण हलका हात फिरवला तर ओलीला अडसर होतो, पण ते हौसेचं काम. डब्यातला कुकिंग स्प्रे मात्र नॉनस्टिकवर नको, त्याचा चिकट पिवळट थर बसतो आणि नंतर घासून निघत नाही.

प्रश्न: अहो ताई, जास्त सारण भरलं की क्लिप लागत नाही, मग मी हाताने दाबून धरतो. चालेल ना?

उत्तर: नाही हो! बाजूने वाफ येते ती थेट बोटांवर, आणि जोर लावून क्लिप किंवा बिजागरी तुटली की झाकण कायमचं वाकडं. सारण कमी भरा. जाड सँडविचच आवडत असेल तर त्रिकोणी खाचांचं मशीन तुमच्या कामाचं नाही, सपाट ग्रिल प्लेटवालं आणि वर-खाली सरकणाऱ्या बिजागरीचं घ्या.

प्रश्न: सासूबाईंनी मशीन नळाखाली धुतलं. आता वाळवून वापरू का?

उत्तर: प्लग लावू नकोस. आत वायरी आणि हीटर आहेत, वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी राहू शकतं, त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडून तपासून घे. यापुढे प्लग काढ, प्लेट कोमट झाल्या की ओला करून पिळलेला टिश्यू मध्ये ठेवून झाकण बंद कर, पाचेक मिनिटांत चिकटलेलं चीज सुटतं, मग मऊ फडक्याने पुसून घे. सुरी, स्टीलचा चमचा, तारेची घासणी अजिबात नाही, सँडविच काढायला पण लाकडी उलथनं. (प्लेट निघणारं मॉडेल असेल तर तेवढ्या प्लेट धुवायला हरकत नाही, सोबतच्या माहितीपत्रकात बघ.)

प्रश्न: पहिल्यांदा लावलं तेव्हा थोडा धूर आला, परत करू?

उत्तर: थोडासा असेल तर नको. नवीन मशीनचा वास-धूर पहिल्या एक-दोन वेळा येतो, खिडकी उघडून रिकामंच तापवा. प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतच राहिला, किंवा वायर गरम लागली, तर मात्र परत करा.

प्रश्न: वीज फार खातं का हो?

उत्तर: 750 वॉटचं मशीन सलग 15 मिनिटं तापलं तरी साधारण 0.19 युनिट, थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. बऱ्याच मशीनला वेगळं बटण नसतं, प्लग लावला म्हणजे चालू, तेव्हा शेवटचं सँडविच काढलं की आधी प्लग काढा, मग खायला बसा.