रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. डॉक्टर म्हणतात आतड्यात काही नाही. मग रोज दुखतंय ते काय? मी नाटक करतोय का?”

पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी समुपदेशनाला पाठवलेली बहुतेक माणसं याच प्रश्नानं सुरुवात करतात. कुणी चिडून विचारतं, कुणी डोळ्यांत पाणी आणून. वरचा प्रश्न विचारणारे गृहस्थ एसटीत कंडक्टर आहेत, वय 41. त्यांच्या परवानगीनं ही हकीकत लिहिते आहे. नाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल होती. दोनदा सोनोग्राफी, एकदा कोलोनोस्कोपी, थायरॉइड, रक्त, शौचाच्या तपासण्या. शेवटच्या कागदावर पोटविकारतज्ज्ञांनी लिहिलेली तीन अक्षरं होती : आयबीएस. म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासणीत काही न सापडता आतडं दुखत राहण्याचा, शौचाची घडी बिघडवणारा आजार. माझ्याकडून तेव्हा एक चूक झाली. कागद चाळता चाळता मी विचारलं, “घरी काही ताण आहे का?” त्यांनी फाइल पिशवीत भरायला घेतली. चार वर्षं हा माणूस आपलं दुखणं खरं आहे हे पटवून देत दवाखाने फिरत होता, आणि मीही त्यांना तेच विचारलं जे बाकीचे विचारत आले होते. मी थांबले. म्हटलं, “तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. आज फक्त दुखतं कसं तेवढंच सांगा.”

मग ते तासभर बोलले.

सुरुवात झाली 2019 च्या महापुरानंतर. पाणी ओसरल्यावर जुलाब-उलट्यांनी तीन दिवस सलाईन लावावं लागलं होतं. तो आजार बरा झाला, पण पोट पूर्वीसारखं राहिलं नाही. सकाळी बेंबीखाली मुरडा यायचा, तीन-चार वेळा जावं लागायचं, आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. दुपारी पोट फुगायचं. कुणी म्हणालं जुना आमांश आहे, म्हणून जंतांच्या आणि आमांशाच्या गोळ्यांचे कोर्स झाले. कुणी म्हणालं संग्रहणी. ड्यूटी कोल्हापूर-रत्नागिरी गाडीवर. “मलकापूर सुटलं की पुढं आंबा घाट. डबल बेल मारली की पहिला विचार येतो, आता खाली उतरता येणार नाही. तिथंच पोटात गोळा येतो.”

म्हणून ड्यूटीच्या दिवशी ते काही खात नसत. डेपोतून निघण्याआधी तीनदा जाऊन येत. जुलाब थांबवायची गोळी कायम खिशात. लग्नं, बारशी बंद. जोतिबाला चैत्रात गेले नव्हते त्याला तीन वर्षं झाली होती. वाटेतल्या प्रत्येक स्टँडवरचं शौचालय किती वाजता उघडतं आणि कुठं पाणी नसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

रिपोर्ट नॉर्मल असताना दुखतं कसं, हे मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, त्यात दहा कोटींहून जास्त मज्जापेशी असतात. हे जाळं मेंदूशी सतत बोलत असतं. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, कोलोनोस्कोपीत आतलं अस्तर दिसतं. हे बोलणं दोन्हींत दिसत नाही. 1973 साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या संशोधकांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ज्या फुगवट्यानं निरोगी माणसांपैकी थोड्यांनाच दुखलं, त्याच फुगवट्यानं या आजाराच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना कळ आली. म्हणजे जो वायू मला कळणारही नाही, तो त्यांना खरोखरच कळ म्हणून जाणवतो. आवाज तेवढाच, पण आत भोंगा मोठा करून ठेवलेला.

आणि भोंगा मोठा होण्याची सुरुवात अनेकदा पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर होते. कॅनडातल्या वॉकर्टन गावात 2000 साली पिण्याचं पाणी दूषित होऊन दोन हजारांवर लोक आजारी पडले. संशोधकांनी त्यांचा पुढं आठ वर्षं माग ठेवला. तेव्हा आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण आठ वर्षांनंतरही जास्तच होतं. हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे पुराच्या पाण्यानं झालं, माझ्या डोक्यानं नाही.” संसर्गानं सुरुवात झाली असेल, पण भीतीनं भोंग्याचा आवाज वाढतो हेही तितकंच खरं, असं मी म्हणाले. या वेळी त्यांनी फाइल उचलली नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासावीच लागते. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. यातलं काहीही असेल तर समुपदेशकाकडे नंतर, आधी डॉक्टरांकडे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अशाच तक्रारी घेऊन येतो. यांची तपासणी नीट झाली होती म्हणूनच मी पुढं काम सुरू केलं.

पहिलं काम वहीचं. दोन आठवडे त्यांनी काय खाल्लं, कधी दुखलं आणि दुखण्याआधी मनात काय चाललं होतं, हे लिहायचं. वही घेऊन आले तेव्हा स्वतःच बुचकळ्यात पडले होते. साप्ताहिक सुट्टीला मेहुण्याच्या आग्रहाखातर मटणाचं ताट आणि तांबडा रस्सा घेतला, त्या दिवशी मुरडा आला नाही. मंगळवारी ड्यूटीवर उपाशीपोटी होते, आणि घाटात जीव नकोसा झाला. त्यांनी बंद केलेल्या पदार्थांची यादी 31 वर गेली होती. वहीवरून त्यातले पाच-सहाच खरे त्रास देणारे निघाले : कच्चा कांदा, दूध, उसळी, फ्लॉवर, आणि रिकाम्या पोटी दोन-दोन कप चहा.

कांदा, लसूण, गहू, काही कडधान्यं, दूध यांतल्या ठरावीक साखरा आतड्यात आंबतात आणि वायू करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं यावर आहाराची पद्धत बसवली आहे. पण त्यात काही आठवडेच पदार्थ बंद करायचे असतात, आणि मग एकेक करून परत आणून पाहायचं असतं, तेही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं. आपले लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात. मग वर्षानुवर्षं दहीभातावर राहून माणूस अशक्त होतो आणि पोटाला आणखी घाबरतो. यांच्या आहारतज्ज्ञांनी चपातीऐवजी ज्वारीची भाकरी आणि पाण्यातून इसबगोल सुरू केलं. कोंडा घातलेलं पीठ बंद केलं, कारण कोंड्यानं अनेकांचं पोट उलट फुगतं.

डॉक्टरांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा दिली होती. यांनी मोबाइलवर वाचलं की ती डिप्रेशनची गोळी आहे, आणि तीन दिवसांत बंद केली. यात त्यांचा दोष कसला? ती का दिली हे कुणी सांगितलंच नव्हतं. कमी मात्रेत हे औषध मज्जातंतूंची कळ कमी करतं. 2023 साली ब्रिटनमध्ये 463 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते आयबीएसवर उपयोगी ठरलं. मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. सकाळच्या ड्यूटीला गुंगी राहू नये म्हणून गोळी लवकर घ्यायची, हेही तिथंच ठरलं.

माझ्या कामाचा मुख्य भाग पुढचा. मुरडा आला की ते श्वास रोखून पोट घट्ट आवळून धरत. मी त्यांना उलटं करायला शिकवलं. पोटावर तळहात ठेवायचा, हाताची ऊब आत जाऊ द्यायची, पोट सैल सोडून श्वास सावकाश बाहेर. 1984 साली मँचेस्टरमध्ये डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी औषधांनी बरं न वाटलेल्या 30 रुग्णांवर संमोहनोपचाराचा प्रयोग केला आणि चांगला गुण आला. मी संमोहन करत नाही, पण पोटावरच्या ऊबदार हाताची ही रीत त्याच उपचारातली आहे. आठवडाभर सराव करून आल्यावर ते म्हणाले :

“मॅडम, घाट उतरताना ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडत नाही. लायनर तापतं, मग ब्रेक लागतच नाही. खालच्या गियरला गाडी धरायची आणि ब्रेक मधूनमधून. मी पाच वर्षं नुसता ब्रेक दाबून बसलोय.”

मला याहून चांगलं समजावून सांगता आलं नसतं. त्यानंतर आम्ही ‘गियर’ हाच शब्द वापरला.

तिसऱ्या भेटीला वहिनींना बोलावलं. त्या रोज सकाळी उठल्या उठल्या विचारायच्या, “आज पोट कसं आहे ह्यांचं?” विचारण्यात माया होती, पण त्या प्रश्नानं दिवसाची पहिली नजर पोटावरच जायची. मी विनंती केली, महिनाभर हे विचारू नका. “मग काय विचारू?” म्हणाल्या. थोड्या वेळानं स्वतःच बोलल्या, “डबा भरू का, असं विचारते.” मला आधी वाटलं होतं की त्यांना वाईट वाटेल. उलट त्यांना मोकळं झाल्यासारखं झालं. पाच वर्षं दोन वेगळे स्वयंपाक करून त्याही थकल्या होत्या, आणि त्यांना हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग डेपोतून निघण्याआधी तीनदा जाणं दोनदावर, मग एकदावर. खिशातली गोळी आधी बॅगेत, मग घरी. रोज नाष्टा करून निघायचं. हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. एका आठवड्यात दोनदा रजा टाकली आणि फोनवर म्हणाले, “मला नाही जमणार.” त्या आठवड्यात आम्ही काहीच पुढं नेलं नाही.

सगळ्यांत जड काम होतं ते ड्रायव्हरला सांगण्याचं. नऊ वर्षं एका गाडीवर असलेल्या माणसाला “मला मध्येच थांबावं लागेल” एवढं वाक्य बोलायला त्यांनी पाच आठवडे घेतले. ड्रायव्हर म्हणाले, “एवढंच? मला शुगर आहे, मी पण कुठंतरी थांबायचं निमित्तच शोधत असतो.” त्यानंतर घाटात गाडी थांबवायची वेळ आली ती एकदाच.

पोट अजून दुखतं. पूर्वी महिन्यातले वीस दिवस जायचे, आता सात-आठ जातात, आणि ते दिवस ड्यूटी करून जातात. चैत्रात सगळे जोतिबाला जाऊन आले. मागच्या भेटीत त्यांनी सांगितलं, “परवा आंब्याला मुरडा आला. म्हटलं, ये. हात ठेवला, गियर धरला, मशीनवर फेरीचा हिशेब बघत बसलो. साखरप्याला उतरलो तोवर थांबला होता. चहा घेतला.”

तीन वर्षं त्यांनी वाटेत चहा घेतला नव्हता.

“किती?” मी विचारलं.

“अर्धा कप. बिस्किटाबरोबर.”