हप्ता नऊ महिन्यांचा की बारा? त्याआधी तव्याबद्दल

प्रश्न: आम्ही पिंपरीत वन बीएचकेमध्ये राहतो. कॉकटिएल या छोट्या पोपटांची नऊ महिन्यांची जोडी पाळली आहे, पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी असतो. जुना नॉनस्टिक तवा खरवडला गेलाय, म्हणून सगळंच नवीन घ्यायचं ठरवलं. एअर फ्रायर, ओटीजी (विजेची छोटी भट्टी), सँडविच मेकर, राइस कुकर आणि नॉनस्टिक भांड्यांचा सेट दुकानदार मिळून ३४,००० ला देतोय, वाढीव वॉरंटीचे ३,९०० वेगळे. रोख दिले तर २,५०० कमी करेल, पण आम्ही क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घेणार आहोत. सगळं ‘पीएफओए-फ्री’ असल्याने पक्ष्यांना चालतं, असं तो म्हणाला. हप्ता पिल्लं विकून निघेल: खेपेला चार पिल्लं, वर्षाला चार खेपा, जोडीला ४,००० म्हणजे ३२,०००. कार्डावर ४८,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरते. ७५,००० ची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. टोकन १,००० दिलंय. हप्ता बारा महिन्यांचा घ्यावा की नऊ?

उत्तर: आज संध्याकाळी तो खरवडलेला तवा गॅसवर चढवू नका. हप्त्याचं गणित दोन दिवस थांबू शकतं, हे नाही.

नॉनस्टिक भांड्यावरचा गुळगुळीत थर बहुधा पीटीएफईचा असतो. टेफ्लॉन हे त्याचंच व्यापारी नाव. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो विघटित व्हायला लागतो आणि विषारी वायू नि अतिसूक्ष्म कण सुटतात. माणसाला त्याने ताप, अंगदुखी, खोकला होतो आणि सहसा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा आत असते. उडायला लागणारा प्राणवायू तो असा खेचतो, आणि विषही तसंच खेचतो. फुप्फुसात रक्तस्राव होतो. यावर उतारा नाही.

२६० अंश फार वाटतात, पण रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोचतो. आपल्याकडे तर डोशाआधी तवा कडकडीत तापवायचीच पद्धत आहे. दोन डोशांच्या मधे फोन आला, दाराची बेल वाजली, की तेवढा वेळ पुरतो. धूर दिसेल, वास येईल, मग पिंजरा हलवू, या भरवशावर राहू नका. शेजारच्या खोलीतला पक्षीही यातून वाचेलच असं नाही, आणि वन बीएचकेत शेजारची खोली ती किती लांब असणार. गॅसवरच्या धूर ओढणाऱ्या चिमणीचाही भरवसा नको. पाइप बाहेर न काढलेली चिमणी तीच हवा फिल्टरमधून पुन्हा घरात सोडते.

आता ‘पीएफओए-फ्री’. तुम्हाला माल विकताना सांगितलेली ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. पीएफओए हे पीटीएफई बनवताना पूर्वी वापरलं जाणारं वेगळं रसायन. ते काढलं तरी तव्यावरचा थर पीटीएफईचाच राहतो. शिक्का खरा आहे, पण त्यावरून काढलेला ‘पक्ष्यांना चालतं’ हा निष्कर्ष साफ खोटा आहे. ‘ग्रॅनाइट’, ‘स्टोन’, ‘मार्बल’ ही नावंही बहुतेक वेळा ठिपके मारलेल्या पीटीएफईचीच असतात. अस्सल सिरॅमिक लेपात पीटीएफई नसतं, पण ते दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर घेऊ नका. कंपनीला ईमेल करा आणि एकच वाक्य विचारा: ‘या वस्तूच्या कोणत्याही तापणाऱ्या भागावर पीटीएफई, पीएफए किंवा एफईपी आहे का?’ पीएफए आणि एफईपी हे पीटीएफईचेच भाऊबंद. लेखी ‘नाही’ आलं तरच घ्या.

या कसोटीवर तुमचं पॅकेज बघा. भांड्यांचा सेट बाद. सँडविच मेकरच्या दोन्ही प्लेटांवर सहसा हाच थर असतो, आणि तो मिटून रिकामाच तापवतात, म्हणून तोही बाद. एअर फ्रायरच्या बास्केटवर थर असतो. डायलवरचे २०० अंश हे आतल्या हवेचं तापमान, कॉइल त्याहून खूप जास्त तापते, आणि पंखा ती हवा घरभर फेकतो. काचेच्या भांड्याचे एअर फ्रायर मिळतात, पण त्यांच्या जाळीबद्दलही वरचाच प्रश्न विचारायचा. बास्केटमध्ये घालायचे पुन्हा पुन्हा वापरायचे काळे-तपकिरी शीट तर बहुधा पीटीएफईचेच असतात. राइस कुकर तुलनेने सौम्य, पाणी असेपर्यंत १०० अंशांच्या आसपास राहतो, तरी आतलं भांडं बिनलेपाच्या ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं मिळत असताना लेपाचं कशाला? ओटीजीच्या आतल्या भिंती आणि ट्रे दोन्हींबद्दल विचारा. बिनलेपाचा निघाला तरी पहिल्यांदा तापवताना कॉइलवरचं संरक्षक तेल जळतं. ते काम पक्षी घराबाहेर ठेवून, खिडक्या सताड उघडून करायचं.

या सगळ्याऐवजी बिडाचा डोसा तवा, लोखंडी कढई, तिहेरी थराच्या स्टीलचा एक पॅन आणि गॅसवर धरायचा साध्या ॲल्युमिनियमचा सँडविच टोस्टर घ्या. पाच-सहा हजारांत सगळं बसतं. टोस्टर घेताना आतून चंदेरी आहे ना ते बघा, काळा असेल तर ठेवून द्या. बिडाचा तवा नवा असताना तेल लावून तापवावा लागतो, तेव्हा भरपूर धूर होतो, आणि जळक्या तेलाचा धूरही पक्ष्यांना मारू शकतो. हे पक्षी घरात नसतानाच करा. भाताला तुमचा प्रेशर कुकर आहेच. पिंजरा मात्र स्वयंपाकघरातून हलवाच, कारण फोडणी जळणं कुठल्याही भांड्यात होतं. आणि घरातली इस्त्री उलटी करून बघा. तिचा तळ काळा नॉनस्टिक असेल तर तीही पिंजऱ्यापासून लांब.

म्हणजे हप्ता नऊ महिन्यांचाही नको आणि बाराचाही नको. तरी ‘नो-कॉस्ट’ म्हणजे काय ते एकदा मांडू. आत दडलेलं व्याज साधारण २,८००. ते सूट म्हणून वळतं होतं, पण त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे ५०० तुम्हीच भरता. प्रोसेसिंग फी ३५० धरा. रोखीची सूट गेली, २,५००. वाढीव वॉरंटी ३,९००, जिच्यात लेप खरवडला जाणं, म्हणजे या वस्तूंचं हमखास होणारं नुकसान, सहसा येतच नाही. एकूण सव्वासात हजार, म्हणजे ३४,००० वर एकवीस टक्के. याला बिनखर्चाचं म्हणणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

पिल्लांचं उत्पन्न हिशोबातून काढून टाका. कॉकटिएल दीड वर्षाची होईपर्यंत तिला अंड्यावर बसवू नये, तुमची जोडी नऊ महिन्यांची आहे. पहिल्या नऊ हप्त्यांना त्यांच्याकडून शून्य. पुढेही वर्षाला दोनच खेपा. चार खेपा घेतल्या तर मादीच्या हाडांतलं कॅल्शियम घटतं, अंडं अडकू शकतं आणि ती मरू शकते. दोन खेपांत सहा पिल्लं जगली, पक्षी विकणाऱ्या दुकानदाराने तुमच्या दराच्या निम्म्याने, हजाराला एक घेतलं, तर वर्षाला ६,०००. दाणे, खोका आणि डॉक्टरच्या दोन फेऱ्यांत ते संपतात. आणि ज्या पक्ष्यांच्या जिवावर हप्ता भरायचा, त्यांनाच मारू शकतील अशा वस्तू त्या हप्त्यावर येणार होत्या.

तुम्ही न विचारलेला दुसरा प्रश्न ४८,००० चा. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं: १,६८०. त्यावर जीएसटी ३००. म्हणजे महिन्याला जवळपास २,०००. मिनिमम ड्यू पाच टक्के असेल तर तुम्ही २,४०० भरता आणि मुद्दल ४०० ने कमी होतं. वर्षाला २४,००० व्याजात जातात, आणि मागची बाकी असल्यामुळे कार्डावरच्या नव्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वेळेवर मिनिमम भरण्याने लेट फी वाचते, व्याज नाही. त्यावर हा ईएमआय, बारा महिन्यांचा धरला तरी, आला असता तर दरमहा साडेपाच हजार भरावे लागले असते.

‘हात लावायचा नाही’ ती एफडी साडेसहा टक्के देत असेल तर ४८,००० वर वर्षाला तीन हजार मिळवते. तेवढ्याच रकमेवर कार्ड २४,००० खातं. एफडी मोडा. मुदतीआधी मोडण्याचा दंड काही शेकड्यांत जाईल. कार्ड पूर्ण भरा, उरलेले २५-२७ हजार पुन्हा ठेवा, आणि आत्तापर्यंत कार्डाला जाणारे २,४०० दरमहा त्यात टाका. दीड-दोन वर्षांत एफडी पुन्हा ७५,००० वर येते. मोडायला मन धजतच नसेल तर बँकेकडून एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर कर्ज, घ्या. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतो, तरी कार्डाच्या पाचपट स्वस्त.

टोकनचे १,००० उद्याच परत मागा. ‘पक्ष्यांना चालतं’ हे सांगून ते घेतलेत, एवढंच म्हणा आणि ते बिलावर लिहून द्यायला सांगा. लिहून देणार नाही. पैशांऐवजी वस्तू घ्या म्हणाला तर स्टीलचा पॅन घ्या, आणि काहीच देत नसेल तर हजार सोडून या.

कार्ड पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात काहीशे रुपयांचं व्याज दिसेल. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. चूक समजून सोडून देऊ नका, तेही पूर्ण भरा, नाहीतर चक्र पुन्हा सुरू होतं.