दिसलं सगळ्यांना, पोचलं कुणापर्यंत?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न नेत्यांच्या सभांमधल्या सुरक्षेवरचे आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. "झेड प्लसमध्ये नेमके किती जवान असतात" छापाचे प्रश्न बाजूला ठेवलेत, राग मानू नका, माणसं मोजून सुरक्षा कळत नाही हे खाली दिसेलच.

प्रश्न: बटलरला ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला त्याच्या आधी लोक छपराकडे बोट दाखवून ओरडतायत असे व्हिडिओ आहेत. साध्या माणसांना दिसतं ते ट्रम्प यांची सुरक्षा बघणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसला दिसत नाही? मला तर हे मुद्दाम होऊ दिलं असंच वाटतं.

उत्तर: तुमच्यासारखंच खूप जणांना वाटतं, आणि पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर अमेरिकी संसदेच्या, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृहाच्या चौकश्यांत जे बाहेर आलं ते बघितलं की कटाचा संशय मागे पडतो आणि चीड मात्र दुप्पट होते, कारण 'दिसलं नाही' असं झालेलंच नाहीये.

१३ जुलै २०२४, पेनसिल्व्हेनियातलं बटलर. गोळ्या झाडणारा २० वर्षांचा पोरगा गोळीबाराच्या तासभर आधीच स्थानिक पोलिसांच्या नजरेत आला होता, त्याच्याकडे अंतर मोजायचं यंत्र होतं, पोलिसांनी त्याचे फोटो काढून आपापसात पाठवले होते. आता घोळ बघा. कंट्रोल रूम दोन, स्थानिक पोलिसांची वेगळी आणि सीक्रेट सर्व्हिसची वेगळी, वायरलेसचे चॅनल पण वेगळे, त्यामुळे इकडची खबर तिकडे जायची ती मोबाईलवरून, म्हणजे कुणीतरी फोन लावणार, समोरचा उचलणार, मग तो आपल्या माणसाला सांगणार, तोपर्यंत वर स्टेजवर भाषण चालूच. स्थानिक पोलिसांनी सीक्रेट सर्व्हिसच्या स्नायपरसाठी आपले वॉकीटॉकी वेगळे काढून ठेवले होते, ते घ्यायला कुणी फिरकलंच नाही!

आणि ते छप्पर, जिथून त्याने गोळ्या झाडल्या. स्टेजपासून दीडशे मीटरसुद्धा लांब नव्हतं, पण सभेसाठी आखलेल्या हद्दीच्या बाहेर होतं. आतलं सीक्रेट सर्व्हिसने बघायचं, बाहेरचं पोलिसांनी. मग छप्पर कुणाचं? यांना वाटलं ते बघतील, त्यांना वाटलं हे बघतील, आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं ते छप्पर उपाशी राहिलं. नंतर सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुख किंबर्ली चीटल म्हणाल्या की छप्पर उताराचं होतं म्हणून वर माणूस ठेवणं धोक्याचं होतं, आणि त्यांचेच स्नायपर स्टेजमागच्या उताराच्या छपरांवर बसलेले सगळ्या जगाने पाहिले होते. दहा दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला.

शेवटचा सीन तर बघवत नाही. एक पोलिसवाला सहकाऱ्याच्या आधाराने छपराच्या काठाला धरून वर डोकावला, त्या पोराने रायफल त्याच्याकडे वळवली, ह्याचे दोन्ही हात काठाला अडकलेले, पिस्तूल काढणार कसं, तो खाली पडला आणि वायरलेसवर ओरडला की वर हत्यार घेऊन माणूस आहे. हे ओरडणं ट्रम्पच्या शेजारी उभ्या असलेल्या एकाच्याही कानात गेलं नाही. काही सेकंदांत आठ गोळ्या झाडल्या गेल्या. सभेला आलेला एक माणूस जागीच गेला, दोघं गंभीर जखमी झाले, ट्रम्पच्या कानाला लागली.

मुद्दाम करायलासुद्धा थोडं प्लॅनिंग लागतं हो, इथे तेवढंही नव्हतं.

प्रश्न: जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येचा व्हिडिओ मी बऱ्याचदा पाहिलाय. पहिल्या आवाजानंतर अंगरक्षक नुसते बघत का राहिले?

उत्तर: बरोबर जागेवर बोट ठेवलंत. ८ जुलै २०२२, नारा शहर, स्टेशनजवळचा रस्ता. पहिल्या बाराची एकही गोळी आबेंना लागली नव्हती, जीव गेला तो दुसऱ्या बाराने, आणि दोन्ही बारांमध्ये अडीच-पावणेतीन सेकंद होते. वाचताना हे काहीच वाटत नाही, पण घड्याळ बघून मोजा, "एक हजार एक, एक हजार दोन" असं म्हणत, माणसाला खाली पाडून त्याच्या अंगावर पडायला तेवढं पुरतं.

बंदूक घरी जोडलेली होती, आवाज फटाक्यासारखा झाला, धूर निघाला, आणि आबेंसकट सगळ्यांनी मागे वळून बघितलं. हेच नको असतं. आवाज आला की आवाजाकडे बघणं हे आपलं, म्हणजे साध्या माणसाचं काम. अंगरक्षकाने आधी नेत्याला झाकायचं आणि हलवायचं, काय होतं ते नंतर बघायचं. १९८१ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १.७ सेकंदात सहा गोळ्या झाडल्या गेल्या, तेवढ्यात एकाने रेगनना गाडीत कोंबलं आणि दुसरा हातपाय पसरून गोळीच्या आडवा उभा राहिला, ती त्याच्या पोटात लागली (वाचला तो). ते विचार करून होत नाही, शेकडो वेळा घोटवलेलं असतं.

पण मला विचाराल तर नाराची खरी चूक त्या सेकंदांतली नाहीच, आदल्या रात्रीची आहे. आबेंचा नाराचा कार्यक्रम आदल्या दिवशी ठरला, आणि त्याच जागी थोड्या दिवसांपूर्वी दुसऱ्या एका नेत्याची सभा झाली होती तिचाच आराखडा जवळपास तसाच उचलला. आबेंच्या पाठीमागे चालता रस्ता, तिकडे लक्ष कुणाचंच नाही. गर्दी पुढे, म्हणून डोळे पण पुढे. तो माणूस मागून रस्ता ओलांडून चालत आला, पळतही नव्हता. चौकशीनंतर तिथल्या राष्ट्रीय पोलीस प्रमुखांनी पद सोडलं आणि तेव्हापासून असे आराखडे जिल्ह्या-प्रांताच्या पोलिसांवर न सोडता वरून तपासले जातात.

प्रश्न: नेता स्वतःच कडं तोडून गर्दीत घुसला तर बिचाऱ्या गार्डने काय करायचं? नाही म्हणू शकतो का तो?

उत्तर: कागदावर म्हणू शकतो. प्रत्यक्षात साहेबाचा हात बाजूला सारणारा गार्ड दुसऱ्या दिवशी त्याच ड्यूटीवर दिसेल याची खात्री कोण देणार? आणि नेत्याचंही एका बाजूने खरंय, लोकांना हात लावू दिला नाही तर मतं कोण देणार.

श्रीपेरुंबुदूर आठवा, २१ मे १९९१, रात्री दहा वाजून गेलेले. हार घेऊन पुढे सरकणाऱ्या त्या बाईला एका महिला पोलिसाने हाताने अडवलं होतं, चांगलं अडवलं होतं. राजीव गांधींनीच सांगितलं, येऊ दे तिला. त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. मला कायम वाटतं की त्या रात्री काम नीट करणारी एक व्यक्ती होती आणि तिलाच गप्प बसवलं गेलं, तेही सौजन्याने. त्यात भर म्हणजे एसपीजीचा १९८८ चा कायदा फक्त पदावरच्या पंतप्रधानांसाठी होता, सत्ता गेल्यावर राजीव गांधींचं एसपीजीचं कवच काढून घेतलेलं. हत्येनंतर कायदा बदलून माजी पंतप्रधान त्यात घेतले, वरातीमागून घोडं.

स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी तर १९८६ मध्ये गार्डना घरी पाठवलं आणि बायकोबरोबर सिनेमाला गेले, परत येताना भर रस्त्यात गोळी घातली. सभा नव्हती ती, पण हट्ट तोच.

प्रश्न: स्टेजजवळ फक्त पासवाल्यांनाच सोडलं तर प्रश्न सुटेल ना?

उत्तर: थोडा सुटेल. पण "हा आतला दिसतो" या वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं कुंपण नसल्याने झालं नसेल. १९९५ मध्ये तेल अवीवला इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा मारेकरी त्यांच्या गाडीजवळच्या मोकळ्या ठेवलेल्या जागेतच थांबला होता, पोलिसांना वाटलं कुणाचा तरी ड्रायव्हर असेल. रेगनवर गोळ्या झाडणारा पत्रकारांच्या घोळक्यात उभा होता, तिथे कुणाची झडतीच नव्हती. आणि जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला तेव्हाचे विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग यांच्या मानेवर चाकू मारणाऱ्याने डोक्यावर त्यांच्याच नावाचा कागदी मुकुट घातला होता, सही मागत जवळ आला. एवढा कट्टर समर्थक, त्याला कोण अडवणार?

प्रश्न: मी सभांना जाते. गर्दीत काही विचित्र दिसलं तर नुसतं ओरडायचं का?

उत्तर: ओरडा, पण तेवढ्यावर थांबू नका, बटलरला लोक ओरडतच होते. जवळच्या वर्दीवाल्याला गाठा आणि नेमकं सांगा: कुठे, कसले कपडे, हातात काय. "तिकडे कुणीतरी आहे" याचा त्याला काही उपयोग नाही. मग तो तुमच्यासमोर वायरलेसवर बोलतो का ते बघा, नुसती मान हलवली तर पुढच्याला जाऊन सांगा, आगाऊ म्हणाले तर म्हणू देत. स्वतः धरायला मात्र जाऊ नका. एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्येच, वाकायामाच्या मासेमारी बंदरावर पंतप्रधान किशिदांच्या दिशेने पाइप बॉम्ब फेकला गेला, तेव्हा गर्दीतल्या एका मच्छीमाराने फेकणाऱ्याला मानेपासून आवळून धरलं होतं हे खरंय. बॉम्ब मात्र लगेच न फुटता जवळजवळ मिनिटभराने फुटला, त्या धरणाऱ्याला ते आधी माहीत असायचं काही कारणच नव्हतं.